पुढील वाटचालीस शुभेच्छा

पगारवाढ जाहीर झाली की दुसऱ्या दिवशी राजीनामेसाहेब राजीनामा देत. हा त्यांचा नेम होता. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कंपनीत ते माल रवाना करायच्या खात्याचे, म्हणजे डिस्पॅचचे प्रमुख होते, आणि त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या पावतीवर उरलं होतं. राजीनाम्याच्या दिवशी ते कडक इस्त्रीचा शर्ट घालत, सकाळपासून कोणाशी बोलत नसत आणि सकाळच्या चहाच्या जरा आधी लिफाफा घेऊन मोठ्या साहेबांच्या खोलीत शिरत. चहाच्या आधी, कारण त्या दिवशीचा चहा त्यांना आत मिळे.

आत काय व्हायचं ते दोघांनाही पाठ होतं. मोठे साहेब लिफाफा न उघडताच ड्रॉवरमध्ये टाकायचे, चष्मा काढून टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "अहो, तुम्ही गेल्यावर हे खातं चालायचं कसं?"

राजीनामेसाहेब खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "प्रश्न पैशाचा नाही, साहेब. प्रश्न तत्त्वाचा आहे."

मग चहा यायचा आणि त्या चहात तत्त्व हळूहळू विरघळायचं. बाहेर येताना राजीनामेसाहेबांच्या पदरात काहीतरी पडलेलं असायचं. एका वर्षी खिडकीजवळची जागा, एका वर्षी हात टेकायची खुर्ची, एका वर्षी स्वतंत्र पंखा. पगारात मात्र या राजीनाम्यांनी कधी एका पैशाचाही फरक पडला नाही. हे राजीनामेसाहेबांच्या कधी लक्षात आलं नव्हतं आणि मोठ्या साहेबांच्या पूर्ण लक्षात होतं.

यंदा दोन गोष्टी बदलल्या होत्या. एक म्हणजे मोठे साहेब निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी एक तरुण साहेब आला होता, ज्याच्या टेबलाला ड्रॉवरच नव्हता. दुसरी म्हणजे राजीनामेसाहेबांना हर्निया झाला होता.

तो हर्निया त्यांनी स्वतःच्या हिमतीवर कमावला होता. गोदामात दोन कामगार पुठ्ठ्याचा गठ्ठा दोघांत मिळून उचलत होते, ते पाहून यांना राहवलं नाही. "एका गठ्ठ्याला दोन माणसं? आमच्या वेळी एकटा माणूस उचलायचा!" असं म्हणून त्यांनी बाह्या सरसावल्या, आणि खरं सांगायचं तर गठ्ठा उचललाही. खाली मात्र तो कामगारांनी ठेवला, कारण राजीनामेसाहेब तोवर भिंत धरून बसले होते. तेव्हापासून त्यांच्या जांघेत उजवीकडे लिंबाएवढा फुगवटा होता. डॉक्टर म्हणाले, आतडं बाहेर डोकावतंय. आज फार दुखत नसलं तरी कधी अडकून बसलं तर जिवावर बेतेल, तेव्हा महिनाभरात ऑपरेशन करून टाका. तोवर वजन उचलायचं नाही, जोरात खोकायचं नाही आणि ओरडायचं तर मुळीच नाही. "कंपनीचा विमा आहे ना? मग कसली काळजी!" असंही ते म्हणाले होते. ऑपरेशनची तारीख ठरली होती.

असल्या अवस्थेत एक वर्ष राजीनाम्याचा खाडा केला असता तर आभाळ कोसळलं नसतं. पण यंदा राजीनामेसाहेबांच्या डोळ्यांसमोर काचेची केबिन होती. जागा, खुर्ची, पंखा झाला, आता त्यांच्याभोवती काच एवढीच काय ती उणीव होती.

त्यांनी लिफाफा पुढे केला तेव्हा तरुण साहेबाने लॅपटॉपवरून मान वर करून विचारलं, "सर, हे काय?"

"राजीनामा."

"ओके. पण आपण आता कागद घेत नाही ना, सर. सगळं सिस्टिमवर आहे. तुमच्या लॉगिनमध्ये 'एक्झिट' दिसेल बघा. एकदम सोपं आहे, तुम्हालाही जमेल." आणि मान पुन्हा खाली गेली.

या माणसाला रीतभात माहीत नाही, हे राजीनामेसाहेबांनी ताडलं. ते तणतणत जागेवर आले आणि कॉम्प्युटरसमोर बसले. 'एक्झिट' दाबलं. पडद्यावर प्रश्न आला : 'आपली खात्री आहे का?'

राजीनामेसाहेब सुखावले. म्हणजे विनवणीची सोय ठेवलेली होती तर! फक्त मोठ्या साहेबांच्या ऐवजी ती आता यंत्र करत होतं. त्यांनी बाणेदारपणे 'हो' दाबलं. यंत्र म्हणालं, 'कृपया पुन्हा एकदा विचार करा.' ते आणखी सुखावले. विनवणी करणाऱ्याला पहिल्याच झटक्यात दाद द्यायची नसते, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. पुन्हा 'हो'. शिल्लक रजा वळती करून आजच्या आज मोकळं व्हायचं आहे का? 'हो!' यापुढे त्यांनी प्रश्न वाचायचंच सोडून दिलं. हे हवं आहे का, ते हवं आहे का, असे चौकोन एकामागून एक येत राहिले आणि ते सगळे त्यांनी 'नको' दाबून उडवून लावले. तत्त्वासाठी निघालेला माणूस जाता जाता हात पसरत नाही.

शेवटी पडद्यावर अक्षरं उमटली : 'धन्यवाद. आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.' आणि खालून वर रंगीबेरंगी फुगे उडत गेले.

राजीनामेसाहेब खुर्चीत मागे रेलले आणि चहाची वाट बघू लागले. चहा आला नाही. दुपारी कॉम्प्युटरने त्यांचा पासवर्ड ओळखायचं बंद केलं. संध्याकाळी तरुण साहेब बॅग खांद्याला लावून आला, त्यांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला आणि म्हणाला, "ऑल द बेस्ट, सर. मी तुमच्या निर्णयाचा मनापासून आदर करतो."

इतक्या वर्षांत त्यांच्या निर्णयाचा आदर कोणी केला नव्हता. त्यांच्या पायाखालची जमीन सरकली ती तेव्हा.

घरी बायको भाजी निवडत बसली होती. नवऱ्याचा कडक शर्ट सकाळीच बघितल्यामुळे आजचा दिवस कोणता, हे तिला ठाऊक होतं.

"काय मिळालं यंदा?" तिने मान वर न करता विचारलं.

"स्वीकारला."

"काय स्वीकारलं?"

"मी नाही. माझा. राजीनामा स्वीकारला."

आता तिने मान वर केली. "कोणी?"

"सिस्टिमने," राजीनामेसाहेब म्हणाले. मग छाती पुढे काढून त्यांनी जोडलं, "एका अर्थी बरंच झालं. तिथं माणसाची किंमत राहिली नाही. प्रश्न तत्त्वाचा होता."

"तत्त्वाचं राहू दे. तुमच्या हर्नियाचं काय?"

"त्याचं काय?"

"तो कोणाच्या विम्यावर आहे?"

राजीनामेसाहेबांचा हात आपोआप जांघेकडे गेला. ज्या माणसाला आपल्यावाचून कंपनीचं काय होईल याची इतकी वर्षं काळजी होती, त्याला कंपनीवाचून आपलं काय होईल हा विचार त्या क्षणी पहिल्यांदा शिवला. ऑपरेशनचा खर्च हॉस्पिटलने एकदा सांगितला होता. तेव्हा विम्याच्या भरवशावर ते त्या आकड्याला हसले होते. घराचे हप्ते फेडून जे काही गाठीला होतं, त्यात तो आकडा बसत नव्हता.

"असा कसा जाईल विमा?" ते म्हणाले. "इतक्या वर्षांचा विमा आहे. एका फुग्यात जातो होय?"

दुसऱ्या दिवशी ते कंपनीच्या फाटकावर गेले तर त्यांचं कार्ड चालेना. पहारेकऱ्याने सलाम केला, कारण सवय होती, आणि गळ्यात 'पाहुणे' असं लिहिलेला बिल्ला अडकवला, कारण नियम होता. त्या बिल्ल्यासकट ते एचआरमधल्या मुलीसमोर जाऊन बसले. ती हसतमुख होती. त्या खात्यात हसतमुखच माणसं घेतात. वाईट बातमी द्यायला बरी पडतात.

"माझा विमा," राजीनामेसाहेब म्हणाले.

"तुमचा नव्हता, सर. कंपनीचा होता. तुम्ही त्यात होता," मुलगी गोड आवाजात म्हणाली. "काल रात्रीपर्यंत."

"पण मला पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे!"

"अरेरे. पण सर, नोकरी सोडताना स्वतःच्या खर्चाने विमा पुढे चालू ठेवता येतो. जुन्या आजारासकट. तीच कंपनी, तीच पॉलिसी. फक्त हप्ता आपण भरायचा."

राजीनामेसाहेबांच्या जिवात जीव आला. "मग ठेवा की चालू! कुठं सही करू?"

मुलीने पडदा त्यांच्याकडे वळवला. "ते विचारलं होतं ना तुम्हाला. हे बघा. 'आरोग्य विमा पुढे चालू ठेवायचा आहे का?' तुम्ही 'नको' म्हणालात. मग सिस्टिमने विचारलं, 'नक्की नको?' तुम्ही म्हणालात, 'नक्की नको.'"

"ते मी रागात दाबलं!"

"सिस्टिमला राग कळत नाही, सर."

"मग आता 'हवा' करून टाका."

"एकदा बाहेर पडल्यावर करता येत नाही. ते फक्त कर्मचारीच दाबू शकतो." मुलीचं हसू जराही ढळलं नाही. "तुम्ही विमा कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून बघा ना. फार चांगली सेवा आहे त्यांची."

त्या चांगल्या सेवेने त्यांना आधी भरपूर बासरी ऐकवली. मधून मधून एक बाई येऊन सांगे की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि तो इतका महत्त्वाचा असल्यामुळेच बहुधा कोणी उचलायला धजत नसावं. बायकोचा स्वयंपाक झाला, जेवणं झाली, भांडी झाली, तरी बासरी चालूच होती. अखेर एक खरीखुरी मुलगी बोलली.

"आपण कर्मचारी आहात का, सर?"

"होतो."

"'आहे' की 'नाही', सर?"

"होतो म्हणतोय ना! कालपर्यंत होतो!"

"'होतो' असा पर्याय नाही, सर."

राजीनामेसाहेब ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. पण जांघेतल्या लिंबाने आतून अशी काही ढुशी दिली की त्यांनी शिवी परत गिळली आणि अत्यंत हळू आवाजात "नाही" म्हणाले. मुलीने त्यांचे आभार मानले, आणखी काही मदत हवी आहे का असं विचारलं, म्हणजे जणू काही एक मदत आधीच करून झाली होती, आणि फोन ठेवला. पाठोपाठ आजच्या सेवेला किती तारे द्याल, असा संदेश आला.

"माझ्या भावाला बोलावू?" बायकोने विचारलं.

हा प्रश्न येणार हे राजीनामेसाहेबांना माहीत होतं. मेहुणा विमा एजंट होता. गेली कैक वर्षं तो दर भेटीत हळूच एखादी पॉलिसी पुढे सरकवायचा आणि राजीनामेसाहेब चारचौघांत त्याची टोपी उडवायचे. "तुझा विमा म्हणजे जिवंतपणी फुकट आणि मेल्यावर उशिरा," हे त्यांचं लाडकं वाक्य होतं. घरच्या प्रत्येक समारंभात ते एकदा तरी व्हायचंच. मेहुणा कसनुसं हसून माहितीपत्रक बॅगेत परत ठेवायचा.

या वेळी मेहुणा आला तो कडक घडीच्या पँटमध्ये, पायावर पाय टाकून बसला आणि बहिणीने न विचारताच म्हणाला, "चहा घेईन. साखर जरा जास्त."

"नवी पॉलिसी काढायची आहे," राजीनामेसाहेब भिंतीकडे बघत म्हणाले.

"अरे वा, भावोजी! बघा, उशिरा का होईना. कोणाची?"

"माझी. हर्नियासाठी."

मेहुण्याने कप खाली ठेवला. चेहऱ्यावर धंद्यातलं दुःख आणलं. "आधीपासून असलेल्या आजाराला तीन वर्षं थांबावं लागतं, भावोजी."

"तीन वर्षं! तोवर मला काही झालं म्हणजे?"

"त्याचा वेगळा प्लॅन आहे माझ्याकडे," मेहुणा तत्परतेने म्हणाला. "तो वहिनींना... म्हणजे ताईला मिळतो."

बायको खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती, हे राजीनामेसाहेबांना कळत होतं.

"मग हर्निया आहे हे सांगायचंच नाही," ते आवाज खाली आणून म्हणाले. "कोणाला कळणार आहे?"

"भावोजी, तुम्ही तो सगळ्या नातेवाइकांना दाखवलाय. मागच्या बारशाला तर शर्ट वर करून दाखवलात. 'कंपनीसाठी झेललेला घाव' म्हणालात."

"नातेवाईक विमा कंपनीत आहेत का? तू सोडून?"

मेहुण्याने सुस्कारा टाकला. त्याने तीनतीनदा बजावलं की खोटं लिहिलेलं उघडकीला आलं तर नसती आफत ओढवेल, तो स्वतः असल्या अर्जावर सही करणार नाही. पण शहाण्याचं ऐकून घ्यायची सवय राजीनामेसाहेबांना लागली असती, तर ही कथाच घडली नसती. त्यांनी परस्पर दुसऱ्या एका कंपनीचा अर्ज भरला. 'सध्या कोणता आजार आहे का?' याच्यापुढे टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, 'कोणताही नाही. प्रकृती ठणठणीत.' त्या कंपनीने एवढी ठणठणीत प्रकृती प्रत्यक्ष बघावी म्हणून त्यांना तपासणीला बोलावलं.

तपासणारे डॉक्टर म्हातारे आणि कंटाळलेले होते. त्यांनी वजन घेतलं, नाडी बघितली, जीभ बघितली, आणि राजीनामेसाहेब शर्टाची बटणं लावायच्या बेतात असताना म्हणाले, "जरा उभे राहा आणि खोकून दाखवा."

राजीनामेसाहेबांनी लग्नाच्या पंगतीत एखादी नवी सून खोकावी तसा एक नाजूक आवाज काढला.

"हे काय? नीट खोका."

त्यांनी आणखी एक, किंचित मोठा आवाज काढला.

"अहो, माणसासारखं खोका की!" डॉक्टर खेकसले, आणि तो अपमान सहन न होऊन राजीनामेसाहेब माणसासारखं खोकले. पुढचं बोलायची कोणाला गरज पडली नाही. डॉक्टरांनी एका बोटाने दाबून बघितलं, राजीनामेसाहेबांनी छताकडे बघितलं.

"ठणठणीत," डॉक्टर म्हणाले आणि लिहायला बसले.

त्या कंपनीने अर्ज फेटाळलाच, वर खोटी माहिती दिल्याची नोंद अशी काही केली की आता कुठलीही विमा कंपनी त्यांना दारात उभं करणार नाही, हे मेहुण्याने चौकशी करून येऊन सांगितलं. सांगताना त्याने बिचाऱ्याने एकदाही 'मी म्हणत होतो' असं म्हटलं नाही. नुसता चहा मागितला. राजीनामेसाहेबांना ते जास्त झोंबलं.

आता एकच दार उरलं होतं. पुन्हा पाहुण्याचा बिल्ला गळ्यात घालून ते तरुण साहेबासमोर बसले. घसा खाकरायचीही चोरी होती. "मी राजीनामा मागे घ्यायला तयार आहे," ते उपकार केल्यासारखे म्हणाले.

"सो स्वीट ऑफ यू, सर," तरुण साहेब म्हणाला. "पण सिस्टिममध्ये मागे घ्यायचं बटण नाही."

"पूर्वी ड्रॉवरमधून काढून द्यायचे."

"हां, ते मी ऐकलंय. लिजेंड होते ते सर." तरुण साहेब खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "पण एक करा ना. तुमची पोस्ट आता रिकामी आहे. त्यासाठी अर्ज करा. नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून विमा लागू होतो. जुना आजार, फॅमिली, सगळं धरून."

स्वतःच्या खुर्चीसाठी अर्ज करायचा, हे राजीनामेसाहेबांच्या पचनी पडायला त्या दिवसाची संध्याकाळ झाली. रात्रीची जेवणं व्हायच्या आत बायको त्यांच्यासाठी अर्ज भरायला बसली. टायपिंग तिचं चांगलं होतं. ती पूर्वी एका ट्रान्सपोर्ट कंपनीत गाड्यांचं वेळापत्रक बघायची. ती कंपनी बंद पडल्यावर तिने दुसरीकडे अर्ज करायची गोष्ट काढली की राजीनामेसाहेब म्हणायचे, "गाड्या मोजणं वेगळं आणि डिस्पॅच वेगळं. ते येरागबाळ्याचं काम नाही." मग ती गोष्ट तिथंच राहायची.

"'याआधीची नोकरी का सोडली?'" तिने वाचून दाखवलं.

"वरिष्ठांच्या मनमानीला कंटाळून."

"अहो, तीच कंपनी आहे ही. वाचणार तेच वरिष्ठ."

"वाचू देत! कळू दे!"

"बघा हं." तिने टाइप केलं. "'आपल्या वरिष्ठांचा आवडलेला एक गुण लिहा.'"

राजीनामेसाहेबांनी बराच विचार केला. "लिही, 'पूर्वीच्या वरिष्ठांकडे ड्रॉवर होता.'"

अर्ज पाठवल्यावर पाणी पिऊन यायच्या आत उत्तर आलं : 'आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभार. आपली आमच्या कंपनीच्या संस्कृतीशी जुळणी होत नाही. पुढील वाटचालीस शुभेच्छा.' या वेळी फुगेही नव्हते. जन्म ज्या संस्कृतीची खोकी रवाना करण्यात गेला, तिने त्यांना एवढ्यात ओळखलं होतं. राजीनामेसाहेब पलंगावर आडवे झाले. मनातून ते घाबरले होते. त्या दोन दिवसांत फुगवटा जरा जास्तच टणक लागत होता आणि रात्री कूस बदलताना कळ येत होती. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून तत्त्वाचं नाव निघेना.

बायको कॉम्प्युटरसमोरच बसून होती.

"मग मी भरू का?" तिने विचारलं.

"काय?"

"अर्ज. माझा."

एरवी ते पोट धरून हसले असते. आता हसण्यासाठी धरावं असं पोटही राहिलं नव्हतं. "भर, भर," ते छताकडे बघत म्हणाले. "म्हणजे तुलाही शुभेच्छा मिळतील."

'आपल्या वरिष्ठांचा आवडलेला एक गुण' याच्यापुढे तिने काय लिहिलं, ते तिने त्यांना वाचून दाखवलं नाही. पण त्याच आठवड्यात तिला मुलाखतीला बोलावलं. जुना शर्ट शिवता शिवता दोन शब्द बोलावेत तितक्याच निवांतपणे ती जाऊन आली. परतल्यावर चपला काढत म्हणाली, "सोमवारपासून या म्हणाले."

"कशाला?"

"कामाला. आणि अहो, तुमच्या जागेभोवती काचेची केबिन करताहेत. खात्याच्या प्रमुखाला असावी म्हणे. साहेब म्हणाला, तुमच्या मिस्टरांनी कधी बोलून दाखवलं असतं तर केव्हाच केली असती."

राजीनामेसाहेबांनी भिंतीकडे तोंड केलं. तो दिवस त्यांनी तसाच काढला.

ठरलेल्या तारखेला ऑपरेशन झालं. हॉस्पिटलच्या काउंटरवर बसलेल्या मुलाने विचारलं, "विमा कोणाच्या नावावर?"

"माझ्या," बायको म्हणाली.

"पेशंट?"

"हे."

"म्हणजे अवलंबित," मुलगा म्हणाला आणि त्याने टाइप केलं.

"अहो, मी डिस्पॅचचा प्रमुख..." राजीनामेसाहेब चाकाच्या खुर्चीतून म्हणाले.

"आहात?"

"होतो."

"'होतो' असा रकाना नाही, काका," मुलाने त्यांच्या मनगटाला पट्टी बांधली. तिच्यावर बायकोचं नाव मोठ्या अक्षरांत होतं आणि खाली बारीक अक्षरांत 'पती, अवलंबित' असं छापलं होतं. भूल चढेपर्यंत ते ती पट्टी वाचत होते.

ऑपरेशन उत्तम झालं. मेहुणा भेटायला आला, उशाशी फळं ठेवली आणि माहितीपत्रक मात्र आणलं नाही. डॉक्टर जाता जाता म्हणाले, "उजवीकडचं मिटलं. पण डावीकडेही सुरुवात आहे, बरं का. लगेच घाई नाही, पण वर्षभराने तेही करून टाकू. विमा आहेच."

वर्ष जायला कितीसा वेळ लागतो! राजीनामेसाहेब घरी राहिले. ओरडायचं नाही हे पथ्य डाव्या बाजूसाठी पुढे चालूच होतं, त्यामुळे घरात अनेक वर्षांनी शांतता नांदत होती. बायको सकाळी निघायची आणि संध्याकाळी काचेच्या केबिनमधून परत यायची. डिस्पॅच तिच्याविना अडत नव्हतं आणि तिच्यामुळेही अडत नव्हतं. पूर्वी ते निदान राजीनामेसाहेबांमुळे तरी अडायचं, असं कामगार आपापसात म्हणत.

मग एका संध्याकाळी ती आली ती कडक इस्त्रीच्या साडीत, ओठ घट्ट मिटून. पर्स टेबलावर आपटली.

"उद्या राजीनामा देतेय मी."

राजीनामेसाहेब कणीक मळत होते. हात तसेच राहिले. "का? काय झालं? पगारवाढ...?"

"प्रश्न पैशाचा नाही," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "प्रश्न तत्त्वाचा आहे."

राजीनामेसाहेबांचा कणकेचा हात डाव्या जांघेकडे गेला. डाव्या बाजूची तारीख पुढच्याच महिन्यातली होती. पुढच्या क्षणी त्यांनी हात धुतले, खुर्ची पुसली, ती पंख्याखाली ओढली, पंखा लावला आणि चहा ठेवला. इतक्या घाईत त्यांनी नोकरीतही कधी काही केलं नव्हतं. तिच्यासमोर कप ठेवून त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि काकुळतीला येऊन म्हणाले, "अगं, तू गेल्यावर ते खातं चालायचं कसं?"

तिने लगेच दाद दिली नाही. चहा संपत आला तेव्हा कुठे तिच्या पदरात सकाळचा चहा, रात्रीची भांडी आणि पलंगाची खिडकीकडची बाजू पडली होती. चारचौघांत मेहुण्याची टोपी उडवायची नाही, हेही त्यांनी आपण होऊनच कबूल केलं.

"बरं, बघते," ती म्हणाली. यंदाची पगारवाढ तिला भरघोस मिळाली होती, पण त्याबद्दल ती काही बोलली नाही. साखर जरा कमी पडलीय, एवढंच म्हणाली, आणि राजीनामेसाहेब लगबगीने साखरेचा डबा आणायला उठले.